परीक्षेला बसलं कोण?

माझं काम नेमकं काय, हे मला नातेवाइकांना कधीच नीट सांगता येत नाही. लग्नकार्यात कुणी म्हणालं, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना, मग जाता जाता आमचा प्रिंटर बघून जा," की मी मुकाट्याने प्रिंटर बघते. खरं तर मी बडोद्यातल्या एका तपासणी केंद्राचे सर्व्हर सांभाळते. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय या सगळ्या यंत्रांतून निघणाऱ्या प्रतिमा एका सर्व्हरवर येऊन साठतात आणि तिथून डॉक्टरांच्या पडद्यावर जातात. त्या येत राहाव्यात, जात राहाव्यात आणि हरवू नयेत, एवढंच माझं काम. ते नीट चाललेलं असतं तेव्हा कुणालाच दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात या कामातला एक प्रसंग घडला. त्यात तांत्रिक भाग आहे, पण पोळ्या लाटणाऱ्याला समजणार नाही असं काही नाही. शेवटी घरच्या फोटो-व्हिडिओंसाठीही त्यातून एक उपयोगाची गोष्ट निघते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जुन्या प्रतिमांचं महत्त्व सांगते. छातीच्या एक्स-रेमध्ये एखादा ठिपका दिसला, तर डॉक्टर त्याच माणसाचा जुना एक्स-रे काढायला सांगतात. ठिपका दोन वर्षांपूर्वी तेवढाच असेल, तर बरीचशी काळजी तिथेच मिटते. वाढला असेल, तर पुढच्या तपासण्या लगेच सुरू होतात. डभोई, पादरा, छोटा उदेपूरहून बसने येणाऱ्या माणसाने आपली जुनी फिल्म जपून ठेवलेली असेलच असं नाही. त्याच्या वतीने ती आमचा सर्व्हर जपतो.

हा सर्व्हर सहा वर्षं अहोरात्र चाललेला. त्यातल्या एका हार्ड डिस्कने कुरकुर सुरू केली होती. प्रतिमांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत होती, पण त्या डिस्कही त्याच वयाच्या. म्हणून केंद्राने प्रत्येकी ८ टीबीच्या चार नव्या डिस्क घेतल्या. त्या सर्व्हरमध्ये बसवायच्या, तपासायच्या आणि मग जुना सगळा साठा त्यांवर हलवायचा, असं ठरलं. डिस्क पुरवणाऱ्यांनी त्यांचा टेक्निशियन पाठवला. त्याने गुरुवारी संध्याकाळी डिस्क बसवल्या आणि आपल्याबरोबर आणलेला तपासणीचा प्रोग्रॅम चालू केला.

आठच्या सुमारास माझ्या फोनवर इशारा आला: मेमरी ९५ टक्के भरली. पाच मिनिटांत ९८ टक्के. पाठोपाठ व्यवस्थापकांचा फोन, "बेन, आ शुं थयुं?" इशारे त्यांच्याही फोनवर जातात.

मी पोचले तेव्हा सर्व्हरच्या खोलीत निकाल लागून गेलेला होता. टेक्निशियन म्हणाला, "डिस्क चारही पास आहेत. मेमरी वाढतेय ती तुमच्या सॉफ्टवेअरमुळे. लीक आहे."

लीक म्हणजे गळती, पण इथे अर्थ जरा उलटा आहे. एखादा प्रोग्रॅम कामासाठी मेमरी मागून घेतो आणि काम झाल्यावर परत करायला विसरतो. पुन्हा मागतो, पुन्हा विसरतो. असं होत होत सर्व्हरला श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि शेवटी काही ना काही बंद पडतं. या दोषाला प्रोग्रॅम लिहिणारा जबाबदार असतो. आमच्याकडे नुकताच नवा प्रोग्रॅम लागला होता, डॉक्टरांच्या फोनवर रिपोर्ट पाठवणारा. तो लिहिणारा मुलगा चार महिन्यांच्या करारावर होता आणि करार वाढवायचा की नाही, हे पुढच्याच आठवड्यात ठरणार होतं.

तो मुलगा कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला होता. चेहरा उतरलेला. मला म्हणाला, "मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असेल. आज रात्रीच सगळं पुन्हा लिहितो." दहा मिनिटांपूर्वी झालेला आरोप त्याने स्वतःच मान्य करून टाकला होता. मी त्याला म्हटलं, "तू कोड बंद कर आणि आकडे उघड."

पहिला प्रश्न अगदी घरगुती होता. पाकीट रिकामं झालं तर आधी कुणी किती घेतले ते विचारायचं. सर्व्हरवर चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमने किती मेमरी धरली आहे, हे 'टॉप' नावाच्या आज्ञेने दिसतं. आमच्या सर्व्हरला ६४ जीबी मेमरी आहे. सगळ्या प्रोग्रॅमांची बेरीज झाली साधारण १४ जीबी. आदल्या दिवशी याच वेळेची नोंद काढली, तीही तेवढीच. त्या मुलाचा प्रोग्रॅम सव्वा जीबीवर निवांत होता आणि आठवडाभर तिथेच होता. टेक्निशियन म्हणाला, "तरी एकदा बंद करून बघा." केला. आलेखाची रेघ सव्वा जीबीने खाली आली आणि पुन्हा वर जाऊन बसली. म्हणजे जवळजवळ ५० जीबी अशी होती, की जी कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर नव्हती.

दुसरी आज्ञा 'फ्री'. ती मेमरीचा हिशेब वेगवेगळ्या रकान्यांत मांडते. 'यूज्ड' म्हणजे वापरात, १४. 'फ्री' म्हणजे साफ रिकामी, एक जीबीहूनही कमी. 'बफ-कॅश' म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या हाताशी ठेवलेल्या प्रती, ४९. आणि सगळ्यात शेवटी 'अव्हेलेबल', म्हणजे एखाद्याने आत्ता मागितली तर देता येईल एवढी, ४८. व्यवस्थापकांनी ते वाचलं आणि विचारलं, "रिकामी एक पण नाही, आणि देता येईल अठ्ठेचाळीस? हे कसं?"

मी त्यांना स्वयंपाकघराचं उदाहरण दिलं. समजा घरात दिवाळीचा फराळ चालू आहे. साखर, रवा, बेसन, तूप यांचे मोठे डबे माळ्यावर. माळा म्हणजे डिस्क, ओटा म्हणजे मेमरी. दर वाटीला कुणी माळ्यावर चढत नाही. एकदा चढलं की लागेल तेवढं काढून ओट्यावर ठेवायचं, कारण पुन्हा लागणारच. ओटा रिकामा ठेवून काही मिळत नाही. भाजी चिरायला जागा हवी झाली, तर रव्याचं पातेलं उचलून बाजूला करायला एक क्षण लागतो. रवा काही संपलेला नाही, तो माळ्यावर आहेच. तेव्हा ओटा भरलेला दिसला, म्हणून घरात जागा उरली नाही असं कुणी म्हणत नाही.

सर्व्हरचंही असंच. फरक एवढाच की तिथला माळा फार उंच आहे. फिरत्या डिस्कवरची कुठलीही जागा शोधून वाचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. मेमरीतून तेच काम सुमारे १०० नॅनोसेकंदांत होतं. म्हणजे लाखपट फरक. ओट्यावरची वस्तू उचलायला एक सेकंद धरला, तर माळ्यावरून आणायला एक दिवसाहून जास्त. म्हणून लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, डिस्कवरून वाचलेलं किंवा डिस्कवर लिहिलेलं सगळं रिकाम्या मेमरीत जपून ठेवतो. कुणी मागणी केली की तिथून हटतो. मेमरी पडून राहिली तर तिचा उपयोग काय, असा त्याचा साधा हिशेब आहे.

मग इशारा का आला? कारण इशारा देणारा प्रोग्रॅम जुन्या वळणाचा होता. तो एकूण मेमरीतून साफ रिकामी मेमरी वजा करत होता आणि उरलेली सगळी 'भरलेली' धरत होता. 'अव्हेलेबल' हा अंदाज कर्नल स्वतः द्यायला लागला तो २०१४ साली, लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीपासून. त्याआधीच्या रीतीने लिहिलेले हिशेब अजून कितीतरी ठिकाणी चालू आहेत.

तरीही मी 'हे कॅश आहे' असं म्हणून तिथे थांबले नाही. आणखी दोन गोष्टी पाहून घेतल्या. मेमरी खरोखर अपुरी पडली की सर्व्हर काही भाग डिस्कवर हलवायला लागतो, त्याला स्वॅप म्हणतात. ती ये-जा शून्य होती. कर्नलच्या स्वतःच्या वापराची मेमरी, ज्याला स्लॅब म्हणतात, तीही वाढत नव्हती. तिथेही कधी कधी गळती असते आणि ती 'टॉप'मध्ये दिसत नाही.

मग आलेखाचा आकार पाहिला. गळतीची रेघ सहसा थांबत नाही, कशाचाही विचार न करता चढत जाते. ही रेघ मात्र जिन्यासारखी होती. १४ वरून ३४, तिथे जरा थांबून ५४, मग ६४ च्या जवळ, आणि पुढे सपाट. वीस-वीसच्या पायऱ्या. मी टेक्निशियनला विचारलं, "तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक डिस्कवर किती मोठी फाईल लिहितो?" तो म्हणाला, "वीस जीबी. लिहितो, परत वाचतो, जुळवून बघतो, मग पुढची डिस्क. फाईल पुरावा म्हणून तशीच ठेवतो."

तिसऱ्या डिस्कच्या वेळी ओटा भरला. चौथ्या वेळी जुन्या वाट्या बाजूला सरकवून नव्या ठेवल्या गेल्या, म्हणून रेघ सपाट. हिशेब जुळला. त्या मुलाने पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

व्यवस्थापक म्हणाले, "म्हणजे काही झालेलंच नाही. चला." बहुतेक वेळा अशी गोष्ट इथेच संपते, आणि संपली तरी बिघडत नाही. पण वाढलेली मेमरी नेमकी कशाने भरली, हे कळल्यावर माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न आला. वीस जीबीची फाईल लिहिली, तेव्हा ती मेमरीत राहिली. लगेच वाचली, तेव्हा ती कुठून वाचली?

मी टेक्निशियनचा अहवाल मागितला. त्यात चारही डिस्कसमोर 'पास' लिहिलेलं होतं आणि शेजारी वाचनाचा वेग: सेकंदाला सव्वादोन जीबी.

हा वेग अशक्य आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सलग वाचताना सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे एमबी देते. डिस्क राहू दे, ती ज्या साटा जोडणीने सर्व्हरला लावलेली असते, त्या जोडणीचीच कमाल सेकंदाला ६०० एमबी आहे. एक इंची नळातून मिनिटात विहीर उपसली, असं कुणी सांगितलं तर आपण नळाचं कौतुक करत नाही. पाणी दुसरीकडून आलं म्हणतो.

केंद्र तोवर बंद झालं होतं, म्हणून एक प्रयोग करता आला. चौथ्या डिस्कवरची तीच फाईल पुन्हा वाचली: नऊ सेकंद. मग लिहायचं राहिलेलं सगळं डिस्कवर उतरवून घेतलं आणि कर्नलला सांगितलं, हाताशी ठेवलेल्या प्रती टाकून दे. आलेखाची रेघ धाडकन खाली, १५ वर. या आज्ञेने माहितीचं काही नुकसान होत नाही, फक्त पुढची थोडी मिनिटं सर्व्हर संथ चालतो, म्हणून भर कामाच्या वेळी ती देऊ नये. आता तीच फाईल, तीच आज्ञा: पंचाण्णव सेकंद. सेकंदाला सुमारे २१० एमबी. डिस्क आता कुठे पहिल्यांदा वाचली जात होती.

आपल्याकडे परीक्षेत डमी बसवल्याच्या बातम्या येतात. हॉल तिकीट एकाचं, पेपर लिहिणारा दुसराच. इथे तसंच झालं होतं. परीक्षा डिस्कची, पेपर मेमरीने सोडवला आणि गुण डिस्कच्या नावावर चढले. मेमरी निरोगी असल्यामुळे पैकीच्या पैकी. डिस्कवर काय उमटलं आहे, ते परत वाचता येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट वीस जीबीची. ८ टीबीच्या डिस्कचा तो चारशेवा भाग. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण ती भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो म्हणून. डिस्कवरची प्रत्येक जागा स्वतंत्र असते. तीनशे नव्व्याण्णव शितं उत्तम शिजलेली आणि एक कच्चं, असं तिथे सहज होतं. आणि त्या एका शितात कुणाचा तरी एक्स-रे असतो.

टेक्निशियन वाईट माणूस नव्हता. "आम्ही सगळीकडे असंच तपासतो," असं तो म्हणाला, आणि ते खरंच असणार. बारा-सोळा जीबी मेमरीच्या जुन्या सर्व्हरवर त्याचा प्रोग्रॅम पुष्कळसं बरोबर काम करत असेल, कारण वीस जीबीची फाईल तिथे ओट्यावर मावतच नाही. ती वाचायला डिस्ककडे जावंच लागतं. सर्व्हर मोठे झाले, मेमरी वाढली आणि तीच तपासणी काही न बदलता पोकळ झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण निकाल आणखी चांगला दिसायला लागला होता.

त्या रात्री पुढचं ठरवलं. प्रत्येक डिस्कमध्ये स्वतःची तपासणी करण्याची सोय असते. स्मार्टची लांब चाचणी तिचं नाव. ती डिस्कच्या आतच चालते, सर्व्हरच्या मेमरीशी तिचा संबंध नाही, आणि ती डिस्कचा कानाकोपरा वाचते. ८ टीबीला बारा-चौदा तास लागतात. चारही डिस्कना ती लावून आम्ही घरी गेलो. आलेखाची रेघ रात्रभर जिथल्या तिथे होती.

सकाळी तीन डिस्क उत्तम होत्या. तिसऱ्या क्रमांकाच्या डिस्कची चाचणी अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबली होती. निकाल: वाचता येत नाही. चोवीस सेक्टर संशयित. ती जागा पहिल्या वीस जीबीपासून कितीतरी दूर होती. म्हणजे त्या प्रोग्रॅमने अगदी प्रामाणिकपणे डिस्कवरून वाचलं असतं, तरी तो तिथवर पोचला नसता.

कुणी विचारेल, चार डिस्क एकमेकींना सांभाळतील अशी रचना असते, मग एक खराब निघाली तर काय बिघडलं? रचना असतेच, आम्हीही केली. पण एक डिस्क गेली की तिच्या जागी आलेली नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला खराब कोपरा नेमका त्या दिवशी उघडा पडतो, जेव्हा आधाराला दुसरं कुणी उरलेलं नसतं. म्हणून कोपरे आधी तपासायचे, डिस्क रिकामी असताना.

पुरवठादारांनी थोडी घासाघीस केली. स्मार्टचा अहवाल समोर ठेवल्यावर डिस्क बदलून दिली. मग चारही डिस्कवर आम्ही पूर्ण लेखन-वाचन चाचणी घेतली. त्यासाठी 'बॅडब्लॉक्स' नावाचा जुना, भरवशाचा प्रोग्रॅम आहे. तो डिस्कच्या प्रत्येक जागी ठरावीक नमुना लिहितो आणि परत वाचून जुळवतो. असे चार वेगवेगळे नमुने. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो फक्त रिकाम्या डिस्कवर चालवायचा. चार वेळा लिहिणं आणि चार वेळा वाचणं मिळून आमचे जवळजवळ पाच दिवस गेले. हा प्रोग्रॅम शक्य असेल तिथे मेमरीतली प्रत न ठेवता थेट डिस्कशी बोलतो. पाचही दिवस मेमरीची रेघ पंधराच्या आसपास, ओटा स्वच्छ. व्यवस्थापक रोज विचारायचे, "अजून किती?" मी म्हणायचे, "डिस्क सांगेल तेव्हा." सहाव्या दिवशी साठा हलवायला सुरुवात केली.

यात एक गोष्ट मला नंतर हिशेब करताना दिसली आणि ती अजून डोक्यातून जात नाही. त्या गुरुवारी रात्री मी पोचायच्या आधी व्यवस्थापकांनी एक तोडगा काढून ठेवला होता: आणखी ६४ जीबी मेमरी घेऊन टाकू. कागदावर सरळ उपाय. पण सर्व्हरला १२८ जीबी मेमरी असती, तर चौदा आणि चार डिस्कच्या ऐंशी मिळून चौऱ्याण्णव झाल्या असत्या. म्हणजे पाऊणपेक्षाही कमी. इशारा आलाच नसता. चारही डिस्क 'पास' होऊन शुक्रवारी सकाळी कामाला लागल्या असत्या, तिसरीसकट.

इशारा ज्या कारणासाठी वाजला ते कारण खोटं होतं. मेमरी संपत नव्हती, गळती नव्हती, कुणाचा दोष नव्हता. पण तिच्या वाढीचं खरं कारण शोधत गेल्यामुळे तपासणीच पोकळ असल्याचं कळलं. म्हणून आता आमच्याकडे दोन बदल केले आहेत. इशारा 'अव्हेलेबल' पाहून वाजतो. आणि त्याहून महत्त्वाचं, तो वाजला आणि कारण निरुपद्रवी निघालं, तरी नोंदवहीत आणखी एक ओळ लिहायची: या कारणाचा दुसऱ्या कशावर परिणाम होतो का? ही ओळ त्या मुलाने सुचवली. त्याचा करार वाढला. तो मेहरबानी म्हणून वाढला नाही. बदललेल्या डिस्कची पाच दिवसांची राखण त्यानेच केली. आता कुणी त्याच्या प्रोग्रॅमला नावं ठेवली, तर 'माझंच चुकलं असेल' म्हणायच्या आधी तो 'टॉप' उघडतो.

आता घरच्या उपयोगाची गोष्ट. फोनमधली मेमरी भरलेली दिसते म्हणून ती 'साफ' करणारी ॲप्स आपण टाकतो. तिथेही ओट्याचाच न्याय आहे. फोन तुमची वापरातली ॲप्स हाताशी ठेवतो. ती सारखी हाकलून दिली तर पुन्हा उघडताना वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात. फोटो साठवायची जागा भरली तर ती गोष्ट वेगळी, तो माळा झाला. दोन्हींना आपण 'मेमरी'च म्हणतो, म्हणून घोळ होतो.

आणि दुसरी, जास्त महत्त्वाची. मुंजीचे, लग्नाचे फोटो, आजींचे जुने व्हिडिओ आपण बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि त्याच कॉम्प्युटरवर लगेच दोन-चार उघडून बघतो. दिसले की समाधान मानून मूळ फोटो पुसून टाकतो. त्या वेळी ते फोटो कॉम्प्युटर स्वतःच्या मेमरीतून दाखवत असू शकतो. तेव्हा पुसायची घाई करू नका. डिस्क 'इजेक्ट' म्हणून रीतसर काढा, म्हणजे लिहायचं राहिलेलं सगळं तिच्यावर उतरेल. मग ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे फोटो उघडून बघा. व्हिडिओ पुढे सरकवत शेवटपर्यंत चालतो का ते बघा. एक प्रत आणखी कुठेतरी ठेवा, शक्यतो दुसऱ्या घरात. एवढं झालं की मग जुन्या फोनमधले फोटो खुशाल पुसा.